सोलांनी घासलेला कटाऊट

तळेऱ्याच्या तिठ्यावर धोंडू मेस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार खांब, वर नारळाची झापं आणि पुढे तेलाने काळी झालेली जमीन. उमेदीची वर्षं मुंबईच्या एका गॅरेजात काढून तो गावी परतला होता. मोटारीतल्या विजेचं काम त्याच्यासारखं त्या पट्ट्यात कुणाला येत नव्हतं. देवगडहून फोंडाघाट चढून कोल्हापूरला जाणारे ड्रायव्हर एकमेकांना एवढंच विचारत, "धोंडून बघल्यान मां?" बघितलं असेल तर गाडी निघे.

सत्यवान त्याच्याहून पुष्कळ लहान. मराठी घेऊन बी. ए. झालेला, नोकरीची वाट बघत घरी बसलेला. दुपारी तो दुकानातल्या उलट्या खोक्यावर येऊन बसे.

"पंडितानू, तां पुस्तक ठेवा आणि ही तार धरा," धोंडू म्हणे.

धोंडूचा जीव कटाऊटवर. डायनामो आणि बॅटरी यांच्या मधली ही काळी डबी. आत दोन बारीक टिकल्या, समोरासमोर. इंजिन जोरात फिरलं की त्या चिकटतात आणि डायनामोची वीज बॅटरीत जाते. इंजिन थांबलं की त्या सुटल्याच पाहिजेत. नाहीतर बॅटरीतली वीज उलटी फिरते आणि तार तापत जाते. किनाऱ्याच्या खाऱ्या वाऱ्याने त्या टिकल्या काळ्या पडत. पॉलिशपेपरने घासल्या तर झिजत. नवा कटाऊट कोल्हापूरशिवाय मिळत नसे.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात, आंब्याचे ट्रक सुरू होताना, धोंडूने आपल्या बायकोला, नर्मदेला, सोलांनी, म्हणजे आमसुलांनी, समई घासताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो घरातून मूठभर आमसुलं घेऊन दुकानात आला. घासताच टिकल्या लखलखल्या. कापडाने पुसून त्याने डबी बंद केली आणि स्वतःशीच हसला.

बातमी रस्ताभर झाली. बाबली ड्रायव्हर तर आल्या आल्या ओरडला, "मेस्त्रीनू, माज्या गाडयेक आंबट लावा. मगे उरलेल्या सोलान माजे दात घासा."

"तुज्या दातांक सोलां पुरूची नाय," धोंडू म्हणाला. "कानस होयी."

त्या आठवड्यात त्याने येईल त्या ट्रकचा कटाऊट घासून दिला.

मग एका दुपारी बाबली देवगडहून आंब्याच्या पेट्या भरून आला. तिठ्यावर गाडी बंद केली, चावी खिशात टाकली आणि समोरच्या खाणावळीत जेवायला गेला. सत्यवान खोक्यावर बसून त्या ट्रककडे बघत होता. आत कुणी नव्हतं. जवळ कुणी फिरकलं नव्हतं.

आधी रबर जळल्याचा वास आला. मग बॉनेटच्या फटीतून धूर. सत्यवान उठला आणि तेवढ्यात लाकडी केबिनने पेट घेतला. धोंडू पकड घेऊन धावला, पण बॅटरीपर्यंत हात पोचेना. आग पेट्यांतल्या पेंढ्यात शिरली. बाबली उष्ट्या हाताने रस्त्यावर येऊन उभा राहिला. लोक माती टाकत होते, बायका पाण्याच्या कळशा आणत होत्या. आंबे फुटत होते. सगळ्या तिठ्यावर करपलेला गोड वास पसरला.

बंद गाडी. रिकामी गाडी. सत्यवानाला काहीच कळेना.

दिवस मावळायच्या आत ट्रकचे मालक गंगाराम शेठ देवगडहून आले. सांगाड्याकडे बघून ते बाबलीवर वळले.

"बिडी टाकलंस केबिनीत!"

"देवाशपथ नाय, शेठनू."

"बंद गाडी आपसूक पेटता? माका शिकवतंस? उद्यापासून स्टेरिंगाक हात लावूचो नाय. ह्या रस्त्यार तुका कोण गाडी देता तां मी बघतंय."

बाबलीला दुसरं काम येत नव्हतं.

धोंडूने सांगाड्यातून पकडीने कटाऊट उपटून काढला होता. दोन टिकल्यांची एकच गुठळी झाली होती. कळशी घेऊन आलेली नर्मदा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"सोलांनी घासल्यार पाण्यान धुतलात मां?" तिने हळूच विचारलं.

"विजेच्या डबीत पाणी कसां घालूचां?"

"मगे हिरवां चढतलां. समयेर सांजेक चढता."

धोंडूच्या तोंडावरचं रक्त उतरलं. हे सत्यवानाने समोरून पाहिलं. नर्मदेचं बोलणं धोंडू आणि सत्यवान यांच्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं. धोंडू गप्प राहिला असता तर ते तिथेच मिटलं असतं.

तो उठला. "शेठनू, बाबलीक बोलू नकात. गाडी मी जाळलंय."

तिठ्यावरचे लोक जवळ सरकले.

"तेका वाचवूक बोलतंस," शेठ म्हणाले.

तेवढ्यात देवगडच्या बाजूने दुसरा ट्रक आला, त्याचाही कटाऊट धोंडूनेच सोलांनी घासलेला. धोंडू हात पसरून त्याच्या पुढ्यात उभा राहिला. कचकन ब्रेक लागला.

"मेस्त्रीनू, मरूक इलास काय?" ड्रायव्हर ओरडला.

"इंजिन बंद कर. बॉनेट उघड."

इंजिन थांबलं. धोंडूने कटाऊटचं झाकण काढलं. टिकल्यांच्या कडेने हिरवा थर होता आणि इंजिन थांबूनही टिकल्या सुटल्या नव्हत्या.

"शेठनू, ही तार धरा. धरून रवा."

शेठनी तार बोटात धरली. सगळे बघत राहिले. क्षणभर काही झालं नाही. मग शेठनी हात झटकला आणि बोटं तोंडात घातली. धोंडूने बॅटरीची तार उपटली. ट्रकचा ड्रायव्हर जळका सांगाडा बघून रस्त्यातच मटकन खाली बसला.

 शेठ बाबलीकडे न बघता म्हणाले, "उद्या सकाळी वखारीत ये. दुसरी गाडी घी."  मग धोंडूकडे बघून ते थुंकले.

धोंडूने ते पाहिलं की नाही, कुणास ठाऊक. तो पुन्हा रस्त्याच्या मधोमध गेला होता.

"मेस्त्री..." सत्यवानाने तोंड उघडलं.

"सत्या, तू फोंड्याच्या बाजूक उभो रव," धोंडू म्हणाला. "येतली ती गाडी थांबय. सगळ्यांक सोलां लावलंय. कोणी विचारल्यान तर सांग, धोंडून चूक केल्यान."

सत्यवान गेला. वळणापलीकडे ट्रकची घरघर ऐकू येऊ लागली, तसे त्याने दोन्ही हात वर केले.