चोवीस मेच्या गोगलगाई

विद्यापीठाचा नियम साधा आहे. एकतीस मार्चला प्राध्यापक निवृत्त होतो आणि त्याच दिवशी खोली झाडून किल्ली कचेरीत द्यायची. सोएजिमा सेन्सेईंची, म्हणजे आमच्या गुरुजींची, खोली आवरायचं काम त्यांच्या मदतनीस मिझुएबाईंकडे आलं, कारण त्या खोलीत काय कुठे आहे हे खुद्द सेन्सेईंनाही ठाऊक नव्हतं. पहिले पंधरा दिवस त्या एकेक कागद उचलून दाखवत होत्या आणि सेन्सेई प्रत्येक कागदाला "हा राहू दे" म्हणत होते. अशानं खोली पुढच्या जन्मीसुद्धा रिकामी झाली नसती.

सेन्सेईंनी आमच्या जिल्ह्याच्या विद्यापीठात छत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि छत्तीस वर्षं एकाच प्राण्यामागे लागले. आमच्या खाडीचं पाणी ओसरलं की मैलोन् मैल चिखल उघडा पडतो, त्या चिखलात अंगठ्याएवढी, टोकदार शंखाची एक गोगलगाय असते. खायला कडू, दिसायला मातकट, कुणी ढुंकून बघत नाही. दर मे महिन्यात, अमावस्येच्या मोठ्या ओहोटीला, सेन्सेई त्याच दक्षिण किनाऱ्यावर जायचे, साठ गोगलगाई वेचायचे, अल्कोहोलच्या बाटल्यांत घालायचे आणि शंखांची लांबी मोजायचे. दर वर्षाचा एक लाकडी डबा, डब्यात सहा बाटल्या. सहकारी म्हणायचे, सोएजिमांच्या गोगलगाई त्यांच्या संशोधनापेक्षा जोरात चालतात. सेन्सेई हसायचे आणि पुढच्या मे महिन्याची ओहोटी कॅलेंडरात बघून ठेवायचे.

मिझुए मात्सुफुजी त्यांना भेटल्या त्या चिखलातच. त्यांचे वडील समुद्रशेवाळाची शेती करायचे. चिखलावर चालायचं तर एक गुडघा फळीवर टेकायचा आणि दुसऱ्या पायानं ढकलत जायचं, हे त्यांना चालता येण्याआधी येत होतं. सेन्सेईंना तीन वर्षं तिथे येऊनही येत नव्हतं. एका मे महिन्यात ते मांडीपर्यंत रुतले, भरती चढायला लागली, आणि पंचविशीच्या मिझुएनं फळी घालून त्यांना ओढून काढलं. चिखलानं माखलेल्या सेन्सेईंनी पहिलं वाक्य काय बोलावं? "बाटल्या फुटल्या नाहीत ना?" पुढच्या महिन्यात विद्यापीठात मदतनिसाची जागा निघाली आणि त्या तिथे लागल्या, ते आजपर्यंत.

सेन्सेईंचं नाव झालं ते मात्र शिकवण्यानं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते सूक्ष्मदर्शकाला हात लावू देण्याआधी चिठ्ठी लिहायला शिकवायचे. प्राण्याच्या बाटलीत, आत, कागदाची चिठ्ठी घालायची. लिहायचं पेन्सिलनं, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. काय, कुठे, कोणी, आणि तारीख सालासकट, पूर्ण. "तुम्ही मेल्यावर ही बाटली जो उघडेल, त्याला उद्देशून लिहा," असं ते दर एप्रिलला सांगायचे. साल अर्धवट दिसलं की पाच गुण कापायचे, हुशार मुलीचे असोत की राजकारण्याच्या मुलाचे. मुलं त्यांना पाठीमागे चिठ्ठीवाले सेन्सेई म्हणत. आज ती मुलं शाळांमध्ये, मच्छी खात्यात, औषधांच्या कारखान्यांत आहेत, आणि त्यांच्या घरच्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा पूर्ण साल असतं.

साऱ्या गावाला सेन्सेई कळले ते मात्र अगदी अखेरीस. साथीच्या वर्षी, २०२०च्या मे महिन्यात, विद्यापीठ बंद होतं. शिंपल्या वेचायला येणारी माणसंही दोन महिने घरात कोंडलेली. सेन्सेई आणि मिझुएबाई दोघंच चिखलात गेले, आणि प्रयोगशाळेला कुलूप म्हणून त्या वर्षीच्या गोगलगाई न मोजताच बाटल्यांत राहिल्या. दोन वर्षांनी पहिल्या वर्षापासूनचे सगळे शंख नव्या यंत्रानं पुन्हा मोजले, तेव्हा दिसलं की साथीच्या वर्षीच्या गोगलगाई एकदम मोठ्या होत्या. पेपरात मथळा आला, माणसं घरात बसली आणि गोगलगाई वाढल्या. सेन्सेईंना शाळांतून बोलावणी आली. भाजीवाली त्यांना एक मुळा फुकट देऊ लागली. जिल्ह्याच्या संग्रहालयानं निरोप धाडला की तुमचे छत्तीस डबे ठेवायला आमच्याकडे जागा नाही, पण तो साथीच्या वर्षाचा एक डबा मात्र द्या, काचेच्या कपाटात मांडू.

आमच्याकडे निवृत्त होणारा प्राध्यापक शेवटचं व्याख्यान देतो. जुने विद्यार्थी गावोगावाहून येतात, माणूस आयुष्यभर काय करत होता ते एका तासात सांगतो आणि शेवटी फुलांचा गुच्छ. सेन्सेईंचं व्याख्यान सात मार्चला, शनिवारी होतं, आणि त्यात आलेखातला साथीच्या वर्षाचा उंच ठिपका मुकुटासारखा शेवटी यायचा होता. गुच्छ मिझुएबाईंनी द्यायचा ठरलं होतं.

आणि फेब्रुवारीच्या शेवटी, कपाट भिंतीपासून सरकवलं तेव्हा, मागे पडलेली एक वही सापडली. हिरवी, चिखलाचे डाग पडलेली, १९९०ची. सेन्सेईंच्या पहिल्या वर्षाची. ही हरवली म्हणून तर त्यांनी जुने शंख पुन्हा मोजले होते. मिझुएबाईंना आनंद झाला. त्या स्टुलावर बसून वाचू लागल्या. साठ आकडे, आणि एकविसाव्यापुढे तरुण सेन्सेईंनी लिहिलेलं: टोक तुटलेलं, तरी सगळ्यांत मोठी.

टोक तुटलेली मोठी गोगलगाय त्यांनी स्वतःच्या हातानं मोजली होती. पण ती साथीच्या वर्षाच्या डब्यात होती.

त्यांनी तो डबा काढला. तिसऱ्या बाटलीत ती होती. मग दार लावून घेऊन त्यांनी साठच्या साठ मोजल्या, वहीतल्या क्रमानं जुळवत गेल्या. साठही जुळल्या. मग पहिल्या वर्षाच्या डब्यातल्या काढल्या. त्या सगळ्या लहान होत्या.

बाटलीतल्या चिठ्ठ्या त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर सेन्सेईंचंच अक्षर, दोन्हींवर तेच: २.५.२४, दक्षिण किनारा, सोएजिमा. आमच्याकडे तारीख आधी साल, मग महिना, मग दिवस अशी लिहितात, आणि नवा सम्राट गादीवर आला की साल पुन्हा एकपासून मोजतात. १९९० म्हणजे मागच्या सम्राटांचं दुसरं वर्ष, आणि २०२० म्हणजे आताच्या सम्राटांचं दुसरं. दोन्ही वर्षी मोठी ओहोटी चोवीस मेच्या सुमारास आली होती. मुलांचे पाच पाच गुण कापणारा माणूस स्वतः कचेरीतल्या फॉर्मवर लिहावं तसं नुसतं दोन लिहून मोकळा झाला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण डबे कोणी बदलले, हे मिझुएबाईंना चांगलं आठवत होतं. २०२१ मध्ये भूकंपासाठी इमारत बळकट करताना सगळं तळघरात हलवलं होतं. तिथल्या ओलीनं डबे कुजले, त्यांवरची सालं पुसली गेली, तेव्हा त्यांनी बाटल्या नव्या डब्यांत घातल्या. या दोन डब्यांपाशी त्या अडल्या होत्या. विचारायला गेल्या, तर सेन्सेई बैठकीत. मग ज्याच्या चिठ्ठ्यांतलं अक्षर ठळक दिसतं तो डबा नवा, असं धरून त्यांनी लावून टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेल्या. पेन्सिलीचं अक्षर तीस वर्षांत फिकं होत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

 दुसऱ्या दिवशी त्यांनी कुवाहाराला गाठलं. हा सेन्सेईंचा जुना विद्यार्थी, आता इथेच शिकवतो, साथीच्या गोगलगाईंवर छापून आलेल्या शोधनिबंधावर सेन्सेईंच्या पाठोपाठ त्याचं नाव, आणि शेवटच्या व्याख्यानाची सगळी धावपळ त्याच्याच गळ्यात. त्यानं चिठ्ठ्या पाहिल्या आणि खुर्चीत बसला. 

"व्याख्यान होऊन जाऊ द्या," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये आपण गुपचूप दुरुस्ती पाठवू. दोनशे माणसं येणार, पेपरवाला येणार. पासष्ट वर्षांच्या माणसाला निरोपाच्या दिवशी कोण असं सांगतं?"

तो वाईट माणूस नाही. सेन्सेईंवर जीव आहे म्हणूनच तसं बोलला, हे मिझुएबाईंना कळलं. त्यांनाही तसंच वाटत होतं, हे तर आणखी वाईट. गप्प राहिलं तर सेन्सेई ताठ मानेनं घरी जातील, पण दोनशे जणांपुढे खोटं सांगून, आणि ते खोटं मिझुएबाईंनी त्यांच्या हातात दिलेलं. बोललं तर कदाचित बत्तीस वर्षांचं नातं एका दुपारी तुटेल. दोन दिवस त्या खोली आवरत राहिल्या आणि सेन्सेई "हा राहू दे" म्हणत राहिले.

बुधवारी, व्याख्यानाला तीन दिवस राहिले असताना, त्यांनी चहा ठेवला, वही ठेवली, आणि तिच्यावर दोन चिठ्ठ्या ठेवल्या.

"सेन्सेई, डबे मी उलटे लावले."

सेन्सेईंनी चिठ्ठ्या पाहिल्या. वही उघडली, एकविसावी ओळ वाचली. चहा निवत गेला.

"साठही मोजल्यात?"

"साठही. दोनदा."

"हं," ते म्हणाले. वही काखेत मारली, टोपी घातली आणि घरी गेले. चहाला त्यांनी हात लावला नव्हता. गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारीही नाही. मिझुएबाई रिकाम्या खोलीत फडकं मारत होत्या आणि फोनकडे बघत होत्या. शुक्रवारी त्यांनी वाट पाहणं सोडलं. आता ते आपल्याशी बोलणार नाहीत, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं.

शनिवारी सभागृह भरलं. मिझुएबाई गुच्छ घेऊन मागच्या दाराशी उभ्या राहिल्या, बसवेना म्हणून. सेन्सेई काळ्या कोटात आले, तीनदा वाकून नमस्कार केला, आणि पडद्यावर पहिल्यांदा जे दाखवलं ती गोगलगाय नव्हती, दोन चिठ्ठ्या होत्या.

"या दोन चिठ्ठ्यांना किती गुण द्याल?" त्यांनी विचारलं.

कुणाला काही कळेना. मग पुढून चौथ्या रांगेत, अर्धे केस पांढरे झालेला एक मच्छी खात्याचा अधिकारी उभा राहिला.

"सेन्सेई, साल अर्धवट आहे. पाच कापायचे."

"पाच कसले?" सेन्सेई म्हणाले. "शून्य द्या. मी लिहिल्या आहेत."

सभागृह हसलं. मग सेन्सेईंनी सगळं सांगितलं, वही, टोक तुटलेली गोगलगाय, साठ आकडे. डबे कोणी हलवले, याबद्दल एक अक्षर नाही. पेपरवाल्याची पेन्सिल थांबली होती. सेन्सेईंनी जुना आलेख दाखवला. त्यात दोन ठिपके सगळ्यांपासून फटकून होते. पहिल्या वर्षाचा फार खाली, त्याला त्यांनी आधीच्या शरदातल्या वादळाचं कारण दिलं होतं. साथीच्या वर्षाचा फार वर, त्याचं कारण पेपरात आलं होतं. त्यांनी त्या दोघांची जागा बदलली. छत्तीस ठिपके एका रेषेत आले, डावीकडून उजवीकडे, हळूहळू खाली उतरणाऱ्या.

"आमच्या गोगलगाई दर वर्षी जरा जरा लहान होत चालल्या आहेत," सेन्सेई म्हणाले. "एकही वर्ष चुकलेलं नाही. हे पाहायलाच मी इथे आलो होतो, आणि ते माझ्यासमोर होतं. दोन महिन्यांत गोगलगाय एवढी वाढत नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलाला कळतं. मलाही कळत होतं. पण मला एक चांगली बातमी हवी होती."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे मला या बुधवारी कळलं. पुढच्या महिन्यात सांगितलं असतं, तर मी आज तुमच्यापुढे उभा राहून चुकीचं शिकवून गेलो असतो. ज्या व्यक्तीनं सांगितलं तिनं मला एकदा चिखलातून ओढून काढलं होतं. ही दुसरी वेळ."

दोनशे माना मागे वळल्या. मिझुएबाई रडत होत्या आणि गुच्छ होता म्हणून तोंड झाकायला काहीतरी होतं. तो तसाच घेऊन त्या मधल्या वाटेनं चालत गेल्या. गुच्छ देताना काय म्हणायचं ते त्यांनी पाठ केलं होतं, ते सगळं विसरल्या. सेन्सेईंनी गुच्छ घेतला आणि हळूच विचारलं, बुधवारचा चहा अजून आहे का.

संग्रहालयाचा पुन्हा निरोप आला नाही. काचेच्या कपाटात मांडण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. पण कुवाहारानं स्वतःच्या खोलीतली पुस्तकं घरी नेली आणि त्या भिंतीला छत्तीसही डबे लावले, मिझुएबाईंच्या ताब्यात. दुरुस्तीचा मजकूरही त्यानंच लिहिला, गुपचूप नव्हे. एकतीस मार्चला किल्ली वेळेवर कचेरीत गेली.

यंदाची मोठी ओहोटी सतरा मेला आली. मिझुएबाई पहाटे किनाऱ्यावर पोचल्या, तर सेन्सेई आधीच येऊन बसलेले, फळीवर, गळ्यात रुमाल, बायकोनं दिलेले भाताचे गोळे मांडीवर. विद्यापीठात आता त्यांना खुर्ची नव्हती, पण चिखलात कोणी मज्जाव केला नव्हता. दोघांनी मिळून साठ वेचल्या. सेन्सेईंना अजूनही फळी सरळ चालवता येत नाही.

बांधावर बसून सेन्सेईंनी पेन्सिलनं पहिली चिठ्ठी लिहिली आणि मिझुएबाईंना दिली. त्यांनी वाचली आणि परत केली.

"शून्य गुण, सेन्सेई."

सेन्सेईंनी पाहिलं. ८.५.१७ लिहिलं होतं. मान हलवत त्यांनी दुसरा कागद घेतला आणि सावकाश, शाळेतल्या मुलासारखं, २०२६ लिहिलं, महिना लिहिला, दिवस लिहिला, दक्षिण किनारा लिहिलं. मग वेचणाऱ्याचं नाव लिहिलं आणि चिठ्ठी पुन्हा पुढे केली.

मिझुएबाईंनी ती दोनदा वाचली. छत्तीस वर्षं तिथे एकच नाव होतं, सोएजिमा. या चिठ्ठीवर त्यांचं स्वतःचं आडनाव होतं, मात्सुफुजी. साल बरोबर होतं, तारीख बरोबर होती, म्हणून त्यांनी ती बाटलीत टाकली आणि झाकण घट्ट लावलं.