लॅपटॉप मिटला, काम सुरूच

आमच्या अमरावतीच्या ऑफिसात नेट टिकत नाही, किस्से मात्र टिकतात. एक सांगायला घेतला की दुसरा आठवतोच!

माणसं तीनच. सर, मी आणि अकोल्याच्या जुन्या शहरातून अप-डाऊन करणारे इम्रानभाऊ. काम दूरच्या सर्व्हरवर. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत कमांड द्यायची आणि ती संपेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं.

एकदा माझी तीन तासांची कमांड संपत आली आणि नेट गेलं. सगळं पहिल्यापासून! दुसऱ्यांदा मी खुर्ची सोडेना, पाणीही पिईना.

सर म्हणाले, "ताई, तुमी पाह्यल्यानं नेट टिकनार हाय का?"

*

उपाय इम्रानभाऊंनी काढला. टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, सर्व्हरवरच सुरू ठेवायचा आणि टर्मिनल त्याच्या आत उघडायचं. आपलं कनेक्शन तुटलं तरी तिकडे काम चालू. परत जोडलं की होतो तिथंच.

"म्हणजे मी घरी गेली तरी?"

"घरी जा, नाई तं बाळापूरले जा. त्याले काई फरक पडत नाई!"

*

पहिल्याच दिवशी भाऊंनी काम लावलं, लॅपटॉप मिटला आणि डबा उघडला. सर धावत आले.

"काम काहून थांबवलं?"

"थांबवलं नाई सर, चालू हाय."

"लॅपटॉप तं बंद हाय!"

"मंग? तुमी घरी असले तं ऑफिस बंद रायते का?"



*

मला मात्र चैन पडेना. भातकुलीला चुलत बहिणीच्या हळदीत मी तीनदा मोबाइलवरून सर्व्हरला जोडून पाहिलं. आई वैतागली, "काय लावलं वं हे?"

"जिवंत हाय का थे पाहून राहिली."

मागून मामी हळदीच्या हातानं धावत आली, "कोन वं? कोन?"

*

मग भाऊंच्या अब्बांचं ऑपरेशन निघालं. भाऊ काम अर्ध्यावर टाकून अकोल्याला पळाले. फोन लागेना.

त्यांचं टर्मिनल आम्हालाही उघडता यायचं. एकानं लिहिलं की सगळ्यांना दिसायचं. तिथं त्यांची अर्धी कमांड आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. दोन दिवस मी उठायची, बसायची, परत तीच खिडकी बघायची.

तिसऱ्या दुपारी सर म्हणाले, "ताई, काम अडलं. आता तुमीच पूर्ण करा."

मी कीबोर्डवर बोटं ठेवली. ठेवली नुसती.

तेवढ्यात कमांडचं एकेक अक्षर आपोआप पुसलं गेलं. आणि रोमन अक्षरांत नवी ओळ उमटू लागली :

"अब्बा उठून बसले. थे कमांड चुकली होती, हात नका लावू!"