काळ्या मसाल्याची कढई

नागपूरला आमच्या घरामागच्या शेडमध्ये आम्ही पाच बायका सावजी पद्धतीचा काळा मसाला करतो. निम्मा माल लंडनला माझ्या मामेभावाकडे जायचा. तिथून तो आयर्लंड, जर्मनीतल्या दुकानांना पाठवायचा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तेव्हा मी त्याला विचारलं होतं, आता आपलं कसं?

"ताई, तू काहून टेन्शन घेऊन राहिली? माल तुझाच जाईन."

पण लंडनहून पुढे जाणाऱ्या खोक्यांना नवे कागद, नवी तपासणी लागू लागली. माल अडकायचा, दुकानदार कंटाळून ऑर्डर रद्द करायचे. मी लेबलं बदलली, खोकी लहान केली, त्याने मागितलेला प्रत्येक दाखला वेळेत पाठवला.

मग त्याचा फोन आला. मसाला इतका काळा कसा, जळका तर नाही, असं तिकडचे अधिकारी विचारतात. भाजणी व्हिडिओवर दाखव. आमच्याकडे खोबरं जवळजवळ जळेपर्यंत भाजतात. नवखा माणूस घाबरून कढई आधीच उतरवतो आणि मसाला लालसर राहतो. ती नेमकी केव्हा उतरवायची, हे आम्ही बाहेरच्याला दाखवत नाही. पण हा तर घरचा. खापरखेड्याहून येणाऱ्या मावशींनी भाजून दाखवलं, फोन मी धरला.

यंदा जर्मनीहून सुट्टीवर आलेल्या शेजारणीच्या सुनेनं कौतुकानं एक पाकीट आणून दिलं. नाव आमचं, चित्र आमचं. मागे छापलं होतं, हॉलंडमध्ये तयार केलेले. फोडून पाहिलं. अगदी आमचाच काळा रंग.

तिच्यासमोरच मामेभावाला फोन लावला.

"युरोपातच बनवला तर मधात बॉर्डरच नाही, ताई. नाहीतर काय, धंदा बंद करू?"

"मग तसं सांगायचं. अधिकाऱ्यांचं नाव काहून घेतलं गा?"

"खरं सांगितलं असतं तर दाखवलं असतं का तुनं?"

नसतंच दाखवलं. मी फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी मावशींना सांगितलं, आता भाजणी एक दिवसाआडच निघेल. कारणही सांगितलं. कढई घासता घासता त्या थांबल्या.

"किती गोड बोलत होता वं बाई तो! मावशी, जरा हात दिसू द्या, म्हणे. मीनं बांगड्या मागं सरकवल्या त्याच्यासाठी."

मग कढई पालथी घालून त्यांनी विचारलं, "उद्या येऊ, का परवा?"

"परवा," मी म्हटलं.