दादाची आकाशी टोपी

माझ्या दादाने आयुष्यात एकदाच माईक हातात घेतला, आणि डोंबिवलीजवळच्या कोपरमधल्या त्याच्याच सोसायटीने तो त्याच्या हातून काढून घेतला. ही गोष्ट मी इथे ठाण्यात ज्याला त्याला ऐकवते. लोक म्हणतात, जाऊ दे गं, किती धरून बसशील? बसणार. माझा भाऊ आहे.

दादा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाला. नोकरीतलं एक वर्ष त्याने आफ्रिकेत काढलं, शांतिसेनेत. म्हणजे निरनिराळ्या देशांचे जवान एकत्र येतात आणि एकमेकांच्या जिवावर उठलेल्या लोकांच्या मध्ये उभे राहतात. तिथे डोक्यावर आकाशी निळी टोपी असते, लांबून ओळखू यावी म्हणून. ती टोपी दादाने वहिनीच्या जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवलेली. त्याच्या पलटणीतला साताऱ्याकडचा एक जवान तिथेच गेला. त्याची आई अजून दर दिवाळीला दादाला फोन करते आणि एकच विचारते, "बाळा, कुणी बोललं का रं माझ्या लेकाबद्दल?" गावात तिला लोक तोंडावर म्हणालेले, लढाई नव्हती तर हुतात्मा कसला?

म्हणून यंदा सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन सोसायटीने दादाला दिलं तेव्हा तो हरखला. त्याला चार वाक्यं बोलायची होती आणि त्या पोराचं नाव चारचौघांत घ्यायचं होतं. बस्स, एवढंच. त्या माउलीला त्याने आधीच फोन करून सांगितलं, मावशी, उद्या बोलणार आहे. मी आदल्या दिवशीच कोपरला जाऊन थांबलेले.

संध्याकाळी सेक्रेटरी आला. बँकेतून रिटायर झालेला गृहस्थ, सोसायटीच्या गेटवर बोर्ड कुठल्या फॉन्टमध्ये असावा यावर तासभर बोलू शकतो. हातात भगवा फेटा. टेबलावरची टोपी बघून त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"काका, ही नको. हा फेटा बांधा."

"का हो?" दादा म्हणाला.

"नाही म्हणजे, निळी आहे ना. आम्हाला काही नाही हो, पण लोक वेगळं समजतात. उगाच जयंतीची मिरवणूक वाटायची."

माझं डोकंच फिरलं. "जयंतीची वाटली तर तुमचं काय जळतं? आणि उद्या झेंड्यातलं चक्र पण झाकणार का? तेही निळंच आहे!"

"ताई, तुम्ही मनाला लावून घेता," असं म्हणत तो फेटा ठेवून सटकला. जगभर ज्या टोपीकडे बघून बायाबापड्यांच्या जिवात जीव येतो, तिची आमच्या डोंबिवलीत आधी जात विचारली! वर हेच लोक सकाळ-संध्याकाळ ग्रुपवर सैनिकांना सलाम ठोकतात. अंगठ्याने ठोकायला काय जातंय?

दादाने फेटा घडी करून बाजूला ठेवला आणि सकाळी टोपीच घातली.

कल्याणच्या मार्केटातून आणलेल्या झेंडूच्या माळा, रांगोळी, स्पीकर, सगळा थाट होता. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, दादाने माईक घेतला. सुरुवात करणार, तेवढ्यात सेक्रेटरीनेच खुर्चीतून विचारलं, "काका, किती टिपले ते सांगा आधी!"

"एकही नाही, साहेब. टिपायचे नव्हतेच. कुणी कुणाला टिपू नये म्हणून तर उभे होतो."

लोकांचे चेहरे पडले. फुकट लवकर उठलो, असे. दादा तरी बोलत राहिला. जीव वाचवून आलेली हजारो माणसं तिथे छावणीत राहायची. बायकांना सरपणाला बाहेर जावं लागायचं, आणि बाहेर गेलेली बाई परत येईलच असं नव्हतं. म्हणून जवान त्यांच्या पुढे-मागे चालायचे. "एक दिवस गोळीबार झाला," दादा म्हणाला. "आम्ही बायकांना मध्ये घेतलं. त्या दिवशी गेलेल्या सगळ्या बायका परत आल्या. आमच्यातला एक आला नाही."

"पण काका," सेक्रेटरी हसत उठला, "दुसऱ्यांच्या भांडणात आपण मरायचं कशाला, नाही का?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! गेल्या मे महिन्यात पाण्याच्या टँकरवरून ए विंग आणि बी विंग हमरीतुमरीवर आल्या, तेव्हा ह्याच माणसाने दादाला जेवणावरून उठवून मध्ये उभं केलेलं. तेव्हा नाही विचारलं, दुसऱ्यांच्या भांडणात काका कशाला? स्वतः जिन्यात उभं राहून बघत होता मेला.

दादा म्हणाला, "साहेब, एक मिनिट. त्याचं नाव सांगतो आणि थांबतो. त्याचं नाव..."

तेवढ्यात गेटवर टेम्पो लागला आणि एकच गलका झाला. सेक्रेटरीने दादाच्या हातातून माईक घेतला. "काका, छान! बाकीचं पुढच्या वर्षी. मंडळी, वडे गरम आहेत, रांगेत या!"

मी दादाकडे बघितलं. तो झेंड्याच्या काठीपाशी तसाच उभा, तोंड अर्धवट उघडं. मी सेक्रेटरीला चार शब्द सुनावले, त्याने मला चटणी लागेल का विचारलं.

घरी आलो. दादाने टोपी काढली, पुन्हा साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. दुपारी फोन वाजला. त्या माउलीला दिवाळीपर्यंत धीर निघाला नव्हता. दादाने फोन स्पीकरवर टाकला.

"बोललास का रं बाळा?"

"बोललो मावशी."

"नाव घेतलंस?"

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

पलीकडे ती रडायला लागली, आणि रडत रडत सोसायटीतल्या एकेका माणसाला आशीर्वाद द्यायला लागली.

नाव घेतलं, हे दादा खोटं बोलला. टाळ्या मात्र खरंच वाजल्या होत्या. वडे आले म्हणून.