सासूबाईंचं दुसरं पत्र

आमचं लग्न खरं की खोटं, असा प्रश्न कॅनडाला पडला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचे फॉर्म तपासत होते. मोबाइलवर मेल आला. नवरा तिकडचा नागरिक, म्हणून मला तिकडे कायम राहायला मिळावं असा अर्ज आम्ही वर्षभरापूर्वी केला होता. आता त्यांना आणखी पुरावे हवे होते. दोघांचे एकत्र फोटो, आणि आम्हाला ओळखणाऱ्या माणसांची पत्रं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यात आम्ही एका छपराखाली राहिलो होतो ते जेमतेम सात आठवडे. अर्ज नामंजूर झाला तर पुढची वर्षंही अशीच जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

फोटोंना तोटा नव्हता, पण लग्नाच्या एकाही फोटोत आम्ही दोघंच नव्हतो. लग्न सावर्ड्याजवळ नवऱ्याच्या गावी झालं, आणि गावात फोटोग्राफर दिसला की माणसं आपोआप गोळा होतात. चुलतसासूबाई तर प्रत्येक फोटोत आमच्या मधोमध अशा ठाम उभ्या, की लग्न त्यांचंच वाटावं. रत्नागिरीत समुद्रावर फिरायला गेलो तेव्हाचा एक फोटो सापडला. त्यात दोघंच होतो, पण मधे दोन हात अंतर. कॉलेजातलं कुणी भेटेल म्हणून मीच सरकले होते. आता स्वतःचाच भयंकर राग आला.

राहता राहिली पत्रं. पहिलं सासूबाईंकडून घ्यायचं ठरलं. सासरे गेल्यावर त्या गावी एकट्याच होत्या. मी नोकरीसाठी रत्नागिरीतच राहणार म्हटल्यावर नवऱ्याने त्यांना माझ्या सोबतीला आणून ठेवलं. पहिला महिना आम्ही एकमेकींना पाहुण्यासारखं वागवलं, दुसऱ्या महिन्यात कडाडून भांडलो आणि मग झकास जमलं. मासे मात्र त्याच आणतात, कारण मला कोळणी फसवतात असं त्यांचं ठाम मत आहे.

त्यांनी वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं : ‘माझी सून फार गुणाची आहे. चारचौघांत तिने माझ्या मुलाचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. ती कधी त्याच्या शेजारी बसली नाही. दोघांना हसताखिदळताना घरात कुणी पाहिलं नाही. घरात पाहुणे होते तेव्हा ती माझ्याजवळच झोपली.’

मी कपाळाला हात लावला.

“आई, हे वाचून ते म्हणतील, यांचं लग्नच झालेलं नाही.”

“का? चांगलं तर लिवलंय. अशी सून कुनाची हाय, सांग बगू.”

“तिकडे असली सून चालत नाही.”

“मग तितं बायका काय नवऱ्याच्या गळ्यात पडून फिरतात?”

“हो.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तू पडशील?”

“तिकडे जाऊ दिलं तर पडेन ना!” मी करवादले. त्या हसत सुटल्या, आणि चिडलेली असूनही मलाही हसू आवरेना.

मग मी नीट समजावून सांगितलं. लग्न झालंय तर दोघं वेगळे का राहता, हे त्यांना कळायला हवंय. सासूबाईंना प्रश्नच कळेना. नवरा कामावर, बायको घरी, ह्यात इचारायचं काय? त्यांच्या गावात अर्ध्या घरांतले पुरुष मुंबईला. त्यांच्या लेखी जगात याहून साधी गोष्ट नव्हती. मी वैतागून म्हणाले, “तुम्हाला जे खरं वाटतं ते लिहा, गुण नकोत.”

“लिवतंय. पन तू मधे वाचायचं नाय.”

तीन दुपारी त्या लिहीत होत्या. पत्र इंग्रजीत करून द्यायचं होतं आणि ते मी स्वतः केलेलं चालणार नव्हतं. दोन गल्ल्या सोडून इंग्रजीचे एक निवृत्त मास्तर राहतात, ते भाषांतर करून शिक्का मारून देतात. सासूबाईंनी पत्राची घडी घातली आणि स्वतःच जाऊन ती त्यांच्या हातात दिली. दोन दिवसांनी मी गेले तेव्हा मास्तरांनी खुर्ची पुढे केली. “बसून वाचा,” म्हणाले.

‘माझे यजमान तीस वर्षं मुंबईला होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. पुढच्या वर्षी तुला नेतो, म्हणायचे. नेलं नाही. मीही कधी विचारलं नाही. सगळ्यांचं असंच असतं, असं मला वाटायचं. ते कायमचे घरी आले तेव्हा त्यांना चहा किती गोड लागतो हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांनी ते वारले. माझ्या सुनेला रोज संध्याकाळी सात वाजता फोन येतो. पावणेसातला ती केस नीट करते. काय बोलते ते मला ऐकू येत नाही, पण तिचा आवाज वेगळा लागतो. हे लग्न खरं आहे. मला एकटं राहायची सवय आहे. तिला ती लावू नका.’

रिक्षात बसून मी रडले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि गाडी सावकाश घेतली. घरी सासूबाई मांदेली साफ करत बसल्या होत्या. माझे डोळे बघून त्यांच्या हातातला मासा तसाच राहिला.

“परत चुकलं काय?”

“नाही,” मी म्हणाले. “बरोबर आहे. पाठवते.”

अडीच महिन्यांनी मंजुरी आली. कुठल्या कागदामुळे आली हे त्यांनी लिहिलेलं नाही, पण सुनेला आपल्या पत्रावर बोलावलं, असं सासूबाईंनी आळीभर सांगितलं. मीही ते खोडून काढलं नाही.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा मी सासूबाईंच्या शेजारीच बसून बोलले. नवऱ्याला त्याच्या नावाने हाक मारली. म्हटलं, मी येतेय, मला तुझ्याजवळ राहायचंय. आणि आईंना तिकडे आणायचे कागद उद्यापासून बघायला लाग, पुढच्या वर्षी बघू असलं काही मला ऐकायचं नाही. तो लगेच हो म्हणाला. सासूबाईंनी मान वर केली नाही. गाव, घर, आंब्याची कलमं अशी सगळी कारणं सांगून त्या आता नको म्हणणार, असं मी धरून चालले होते.

फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, “तितं नारळ मिळतो काय?”