पिपाणीवालं पाखरू

"पिपाणी! आरं, पिपाणी वाजतीय!" लान्स नायक नामदेव ओरडला.

जैसलमेरच्या पुढं, एप्रिल महिना, वेळ १६१०. वाळूच्या वादळानं आमची जिप्सी गाडून टाकली होती. एक चाक अन् माझी टोपी तेवढी वर. ऊन असं की रायफलच्या नळीवर भाकरी शेकून निघाली असती. पाण्याचा जेरीकॅन रिकामा. त्याला गोळी लागली, असं मी आमच्या शहागंजात चहा पिताना आजही सांगतो. खरं तर झाकण मीच सैल ठेवलं होतं. रिकव्हरीची गाडी उजाडल्यावर येणार होती. तोवर पाण्यावाचून दोघांनी टिकणं अवघड होतं.

मी वायरलेस सेटवर कळवलं, "कंट्रोल, इथं पिपाणी ऐकू येतीय. ओव्हर."

"कुणाची वरात हाय तिथं?" सुभेदार साहेब कडाडले. "सावलीत बसा. आऊट."

सावली म्हणजे काटेरी झुडपाची, तळहाताएवढी. त्याच झुडपात ते पिपाणीवालं पाखरू बसलं होतं. चिमणीएवढं, वाळूच्या रंगाचं, छातीवर गुलाबी झाक, चोच जाड अन् लाल. नाकातून पिपाणी वाजवायचं, जत्रेत पोरं वाजवतात तशी हुबेहूब. ट्रम्पेटर फिंच हे त्याचं नाव कॅप्टन साहेबांनी नंतर कॅम्पात सांगितलं.

नामदेव वेरूळकडचा, मेंढपाळाघरचा. तो नुसता चोचीकडं बघत बसला.

"ड्रायव्हर, दाणे खातंय ते. कोरडं खाणाऱ्याला रोज पाणी लागतं. मेंढरासारखं."

"मेंढराला पंख नसतात, नामा."

"म्हणून तर तुला पळावं लागंल. ऊठ!"

१७०५ ला ते उडालं, अन् आसपासच्या झुडपांतला त्याचा थवाही. आम्ही मागं. मी दहा कोस पळालो. नामदेवच्या हिशेबानं पाऊण किलोमीटर. थवा एका कोरड्या ओढ्यात उतरला. तिथं ओंजळभर डबकं. गावाकडं उन्हाळ्यात पाडतात तसा नामदेवनं हेल्मेटनं वाळू उपसून झिरा पाडला. गढूळ पाणी पाझरलं. तळ दिसेपर्यंत आम्ही प्यालो. पाखरं खडकावर बसून बघत होती.

पुढच्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये नामदेव कामी आला. त्या दिवशी गाडी मी चालवत नव्हतो.

सुट्टीत त्याच्या आईकडं गेलो. ती शेळ्यांना पाला टाकत होती. तिला ही गोष्ट सांगितली, जराही न वाढवता.

"पाखरांना उरलं का?" तिनं विचारलं.

"नाय, मावशी. सगळं आम्हीच प्यालो."

"झिरा होता ना," ती म्हणाली. "भरला असंल."