वरून पाणी पिणारा माणूस

आमच्या घरात प्लास्टिकची बाटली आता सापडणार नाही. लोकांना वाटतं, मी शिकलेली, हुमनाबादला नोकरीला, म्हणून हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं. वाटू दे. खरं कारण सांगायची लाज वाटते.

रोज स्टँडवर पाण्याची बाटली विकत घ्यायची आणि रिकामी झाली की घरी आणायची, अशी माझी सवय होती. आमच्या मंठाळ गावात ती कुणी फेकत नाही. गोडंतेल, ताक, फवारणीचं औषध, सगळं त्यातच. त्या रविवारी तूर फवारायची होती. औषधाचा डबा शेजाऱ्याबरोबर निम्मानिम्मा आणलेला. आमचा वाटा मी रिकाम्या बाटलीत ओतला आणि बांधावर, प्यायच्या पाण्याच्या बाटलीशेजारीच ठेवला. औषध पाण्यासारखं नितळ होतं.

अप्पा, माझे वडील, बाटलीला कधी तोंड लावत नसत. उष्टं होतं म्हणून वरून धार सोडायचे. वरून पिणाऱ्याला वास येत नाही. पाठीवरचा पंप उतरवून ते आले, हाताला लागली ती बाटली उचलली आणि धार थेट घशात गेली.

बघता बघता ते ढेकळांत पडून पाय झाडत होते. तोंडाला फेस आला. आईनं धावत येऊन बाटली हुंगली.

"ह्यात काय वतलीस?"

मी सांगितलं. तिनं पायातली चप्पल काढून माझ्या तोंडावर हाणली. दुसऱ्या फटक्याला ओठ फुटला. मी हात आडवा धरला नाही. पलीकडच्या रानातून धावत आलेल्या शेजाऱ्यानं तिला मागं ओढलं. अप्पांना तो अण्णा म्हणायचा. "अक्का, आधी अण्णाला उचला." दवाखान्यात नेताना जीपमध्ये मी अप्पांच्या तोंडातला फेस पुसत होते, तेव्हा त्यांनी माझं बोट हाडापर्यंत चावलं. वण अजून आहे.

दवाखान्यातून मी एकटी कपडे न्यायला घरी आले तेव्हा माळ्यावरच्या सगळ्या बाटल्या अंगणात ओतल्या आणि कोयता घेतला. शेजारी विचारपूस करायला आला होता. म्हणाला, "कामून तोडायलीस? कामाला येतील की." मी कोयता त्याच्यावर उगारला. तो दोन पावलं मागं सरकला नसता तर त्याचा खांदा उतरला असता. त्या घटकेला मला त्याचं काही वाटलं नसतं.

अप्पा वाचले. आवाज मात्र घोगरा झाला तो झालाच. मी स्टीलच्या दोन बाटल्या आणल्या. रोज त्यांच्या डोळ्यांदेखत विसळून नळावर भरते.

जन्मभर उष्टं टाळलेला हा माणूस आता बाटली नाकाला लावतो, मग ओठाला लावून आधी एकच घोट घेतो. आईनं दिली तर अप्पा एकदाच हुंगतात.

"अप्पा, पाणीच हाय," मी म्हणते.

"व्हय, ठावं हाय की," म्हणतात, आणि पुन्हा हुंगतात.